ब्याऐंशीच्या आत

"मूत्रपिंड उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले, "पण ते ज्याच्यात आहे तो माणूस जरा जास्त आहे."

तो माणूस म्हणजे मी. छप्पन्न वर्षांत माझ्या एखाद्या अवयवाला कुणी उत्तम म्हटल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याच दमात उरलेला मी बाद! शेजारी दादा बसला होता. माझा थोरला भाऊ, भूमितीचा निवृत्त मास्तर, अंगाने फूटपट्टी. त्याची दोन्ही मूत्रपिंडं संपली होती. आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यावं लागे. वहिनीचं मूत्रपिंड जुळलं नव्हतं. जुळलं ते माझं, आणि मी शहाण्णव किलो.

"एवढ्या वजनावर कापायचं म्हणजे तुम्हाला धोका," डॉक्टर म्हणाले. "शिवाय पुढे एकाच मूत्रपिंडावर एवढा संसार चालवायचा. ब्याऐंशीच्या आत या, मग बोलू."

"ब्याऐंशी?" दादा म्हणाला. "हा पाचवीत असताना ब्याऐंशी होता."

हे खोटं आहे. पण दादाचा स्वभावच तसा. ज्याच्याकडून मूत्रपिंड घ्यायचं त्याच्याशी माणूस निदान चार दिवस गोड बोलेल. दादा नाही. आयुष्यभर मला 'जाड्या' म्हणत आला आणि त्या दिवशीही दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "जाड्या, घाई करू नकोस. मी काही पळून जात नाही. पळायची ताकदच नाही."

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या नाचक्कीचं मूळ तिच्यात आहे. मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे खरं दाखवतात की खोटं हे प्रमाणित लोखंडी वजनं ठेवून तपासायचं, खरा असेल त्या काट्यावर शिक्का मारायचा, खोटा असेल त्याला तार आणि शिसं लावून सील ठोकायचं. एखाद्या वस्तूचं खरं वजन किती, हे जगाला ठणकावून सांगायचा अधिकार सरकारने मला दिलेला आहे. ते कमी करायचा अधिकार मात्र कुणाला नाही, हे मला पुढच्या काही महिन्यांत कळलं.

घरी हिने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. ताबा तसा तिच्याकडेच होता, पण आता पहारा बसला. साखरेचा डबा गेला, तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली, आणि दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे ताटात काकडी, उकडलेल्या शेंगा, एक अंडं आणि बशीभर भात उरला. मला खोली रिकामी केल्यासारखं वाटलं.

"हे जेवणाआधीचं का?" मी विचारलं.

"हे जेवण," ती म्हणाली. "आणि सावकाश चावा."

रोज रात्री जेवणं झाली की वहिनीचा फोन यायचा. "जेवलास का?" हा प्रश्न जगात सगळीकडे मायेने विचारतात. वहिनी धास्तीने विचारायची. मी "हो" म्हटलं की पलीकडून एक खोल श्वास ऐकू येई आणि मग, "किती?"

वजन का कमी करतोय हे इमारतीत कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. लोक काहीबाही बोलतात. पण माणूस सकाळी पांढरे बूट घालून जिना उतरताना दिसला की लोकांना गप्प बसवत नाही. तळमजल्यावर एक कप्तान राहतात. कधी काळी जहाजावर होते, आता जमिनीवर राहून सगळ्यांना हुकूम सोडतात. त्यांनी मला फाटकाशीच अडवलं. "चालणं? चालून कुणाचं काही झालंय? पळा!" त्यांनी मला मैदानावर नेऊन पळवलं. ते स्वतः बाकावर बसून "पोट आत! पोट आत!" ओरडत होते. मैदानावरचे सगळे लोक माझं पोट आत जातंय का ते बघायला थांबले. ते गेलं नाही. माझा गुडघा मात्र गेला. दोन आठवडे मी पट्टा बांधून लंगडत होतो, आणि त्या दोन आठवड्यांत घटलेला दीड किलो परत आला, येताना अर्धा किलो सोबत घेऊन.

समोरच्या दारातल्या काकूंचा रसावर विश्वास. जे उगवतं त्याचा रस निघतो आणि जो रस निघतो तो औषधी असतो, एवढं साधं त्यांचं शास्त्र. रोज सकाळी त्या हिरव्या पातेल्यासह दारात उभ्या. "नाक दाबून प्या हो, तोंडाला जरा कडू लागतो." जरा? त्या रसाने माझ्या तोंडची चव गेली, पण भूक नाही. भूक आणि चव यांचा काही संबंध नसतो, हे त्यामुळे शिकलो. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "रात्री जेवूच नका. मी वीस वर्षं जेवलो नाही." त्यांच्या बायकोने त्यांच्यामागे उभं राहून मान अशी काही हलवली की त्या वीस वर्षांचा हिशेब मला तिथेच कळला.

कचेरीत आमच्या साहेबांचा निरोपसमारंभ होता. केक होता. मी एक तुकडा घेतला, फक्त एक, तोही साहेबांनी स्वतःच्या हाताने दिला म्हणून. वरिष्ठांचा हात झिडकारणं सेवानियमात बसत नाही. संध्याकाळी घरी आलो तर ही दारातच.

"केक कसा होता?"

आमच्या कारकुनाची मेहुणी वहिनीच्या शेजारी राहते, हे मला ठाऊक नव्हतं. गुन्हेगारांच्या मागावर सरकार एवढं लागत नाही. वहिनी त्या दिवशी फोनवर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अरे, एखादा तुकडा चालायचाच," आणि तिचा आवाज मध्येच कुठेतरी बसला. त्यानंतर मी केककडे बघितलेलं नाही.

तरीही वजन उतरत होतं. सावकाश, कुरकुरत, पण उतरत होतं. पोटात कावळे ओरडायचे आणि मी बाजारात लोकांच्या साखरेचं, बदामांचं, लोण्याचं वजन तपासत हिंडायचो. उपाशी माणसाला देऊ नये अशी ती नोकरी. एका दुपारी धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे तपासणीला गेलो होतो. पोती मोजायचा मोठा काटा, जमिनीलगतचा. मी एकेक लोखंडी वजन ठेवत होतो, व्यापारी आदबीने उभा होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढचं मला व्यापाऱ्याने सांगितलं. मी त्या काट्यावरच आडवा झालो. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा हुंगवला. शुद्धीवर आलो तेव्हा भोवती अर्धा बाजार जमला होता आणि काट्याचे लाल आकडे माझ्या डोक्याशी झगझगत होते.

"साहेब," व्यापारी हळूच म्हणाला, "काटा बरोबर दाखवतोय ना?"

आणि इथेच खरं दुखणं सुरू झालं. काट्यावर माझ्याबरोबर वीस किलोचं एक लोखंडी वजन होतं. पडल्यापडल्या मी मनात वजाबाकी केली, अंगावरचे कपडे, बूट, खिशातला शिक्का सगळं वजा केलं, तर मी ब्याण्णव. आदल्याच दिवशी दवाखान्यातल्या यंत्राने मला अठ्ठ्याऐंशी सांगितलं होतं. व्यापाऱ्याचा काटा खोटा असणार, जास्त दाखवत असणार, असं मी धरून चाललो. शुद्धीवर आलेल्या माणसाला शहाणपण यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मी तो काटा पुन्हा नीट तपासला. एक ग्रॅमचा फरक नाही. निमूटपणे शिक्का मारून दिला.

त्यानंतर महिनाभर दवाखान्याचं यंत्र अठ्ठ्याऐंशीवरच अडून बसलं. मी काकडीवर जगत होतो, भल्या पहाटे मैल तुडवत होतो, आणि ते अठ्ठ्याऐंशी. आता सरळ विचार करणाऱ्याला काय वाटेल? दवाखान्याचं यंत्र कमी दाखवतंय. पण उपाशी माणूस सरळ विचार करत नाही. मला वाटलं, यंत्र अडकलंय. मी केव्हाच पंच्याऐंशीवर आलो असणार आणि हे लबाड मला वर धरून ठेवतंय. बाजारातल्या त्या पालथ्या पडण्याचा पुरावा मी सोयीस्करपणे विसरलो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण ज्याचं पोट जळतं त्याला काहीच कळत नाही.

स्वतःच्या वजनाच्या भांडणात मी स्वतः तपासणी करणं नियमात बसेना. मी खात्यातल्या दुसऱ्या निरीक्षकाला गाठलं. हा माणूस इतका नियमाचा की घरच्या चमच्यावरही शिक्का मारलेला असावा. तो वजनांची पेटी घेऊन दवाखान्यात आला. यंत्र तिसऱ्या मजल्यावर मूत्रपिंड विभागाच्या बोळात होतं. रुग्ण, नातेवाईक, सिस्टर सगळे बघायला जमले. मी छाती काढून उभा. त्याने वीस-वीस किलोची चार वजनं चढवली.

यंत्राने दाखवलं, शहात्तर.

"चार किलो कमी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. "तक्रार अगदी योग्य होती तुमची."

मी म्हटलं, "राहू दे. उगीच कशाला."

"असं कसं? आपणच तक्रार केलीत." आणि त्याने तार काढली, शिसं काढलं, यंत्राला सील ठोकलं. आगीतून फुफाट्यात म्हणजे काय ते मी त्या बोळात पाहिलं. चार महिने उपाशी राहून मी अठ्ठ्याऐंशी नव्हे, अजून ब्याण्णवच होतो.

पण खरी गंमत पुढेच होती. गंमत म्हणायची एवढंच. दादासारख्या रुग्णांचं रक्त धुवायच्या आधी आणि नंतर वजन करावं लागतं, अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते त्यावर ठरतं. त्या मजल्यावर यंत्र ते एकच. नवीन यायला मंजुरी लागते, मंजुरीला सही लागते आणि सहीचा माणूस रजेवर असतो. तोवर त्या सगळ्या रुग्णांना चाकाच्या खुर्चीत घालून तळघरातल्या मुदपाकखान्यात नेऊ लागले, तिथल्या भाजीच्या काट्यावर.

मी दादाला भेटायला गेलो तेव्हा तो पलंगावर होता. दंडातून दोन लाल नळ्या यंत्राकडे गेलेल्या. त्याने डोळे उघडले.

"जाड्या, आज मला बटाट्यांच्या काट्यावर बसवलं."

"ऐकलं."

"बटाटा मला खायला मना आहे. पण त्याच्या जागेवर बसायला हरकत नाही म्हणे." तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली. "आणि ऐक, आत्ता चार तासांत माझे अडीच किलो जाणार. तुला दोन महिने लागतात. इथे येऊन झोप माझ्या शेजारी."

 त्याचे घोटे सुजले होते, ओठांना भेगा होत्या. त्याला दिवसाला दोन पेले पाणी, तेही मोजून. वहिनी बर्फाचा खडा रुमालात धरून बसली होती, अगदीच राहवलं नाही तर ओठांना लावायला. एक भाऊ तहानेला आणि दुसरा भुकेला, आणि दोघांच्या बायका पहाऱ्यावर.

"हे बघ," दादा म्हणाला, या वेळी हसला नाही, "बाजारात चक्कर येऊन पडलास म्हणे. पुरे झालं आता. नाही जमत तर नाही जमत. मला तुझं काही नकोय, हे मी लहानपणापासून सांगत आलोय."

"तुला विचारलंय कुणी?"

"मूत्रपिंड माझ्या पोटात जायचंय. मला विचारायला नको?"

"तू गप्प पड," मी म्हटलं. थोरल्या भावाला मी असं आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तसाच म्हणाला, "आज किती भरलास?"

"ब्याण्णव."

"खरे?"

"खरे. माझ्या काट्यावर."

"मग अजून दहा," भूमितीचा मास्तर म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगण्यात मजा नाही. सल्ले ऐकायचे बंद केले. काकूंच्या पातेल्याला हात जोडले. आहारतज्ज्ञ बाईंचं तेवढं ऐकलं, गुडघ्याला सोसेल तेवढं चाललो आणि उपाशीपोटी ज्या गोष्टी दिसतात त्या बघत राहिलो. दरम्यान खरं कारण इमारतीत फुटलंच. ज्यांनी आजवर 'कमी करा, कमी करा' म्हणून जीव खाल्ला होता तेच आता दारात येऊन म्हणू लागले, "अहो, वेड लागलंय का? खा, प्या, जाडे व्हा!" कप्तान तर म्हणाले, "जहाजाचं एक इंजिन काढून दुसऱ्या जहाजाला देतं का कुणी?" ही आतून म्हणाली, "बुडत असेल तर देतात." कप्तान दोन दिवस आमच्या दारावरून गेले नाहीत.

ती या सगळ्यात एकदाही रडली नाही. फक्त माझ्या पँटा आत घेताना शिवणयंत्र थांबवून एकदा म्हणाली, "तुम्हाला काही झालं ना, तर मी तुमच्या भावाशी जन्मात बोलणार नाही." एवढंच. आणि पुन्हा चाक फिरवलं.

पानगळ संपता संपता मी ब्याऐंशीला टेकलो. मग एक्क्याऐंशी. दवाखान्याच्या नव्याकोऱ्या यंत्रावर, शिक्का मारलेल्या. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला आणि बोळातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने पलंगावरूनच विचारलं, "बूट काढलेत ना त्याने?"

आता फक्त समिती उरली होती. अवयव देणारा माणूस राजीखुशीने देतोय ना, हे बघणारी सरकारी समिती. लांबलचक टेबलामागे तिघं जण.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"नाही."

"भावाशी संबंध कसे आहेत?"

"तो मला जाड्या म्हणतो."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ओळखपत्राकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मधल्या बाईंनी चष्मा पुसला. "हे तुम्ही नाही."

"मीच आहे. वजन कमी केलंय. तुमच्याच लोकांनी सांगितलं म्हणून."

"आम्ही नाही, दवाखान्याने सांगितलं. आम्हाला फोटोत दिसणारा माणूस हवा. अवयवांच्या व्यवहारात खोटी माणसं उभी करतात हो, आमचाही नाइलाज आहे."

त्यांचं चूक नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, सील ठोकून. मला ओळखपत्रावरचा फोटो बदलायला पाठवलं. तिथल्या खिडकीतल्या माणसाने जुना फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "चेहरा का बदलला?" मी कारण सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मग दोघं एकच असल्याचा दाखला आणा." तो दाखला द्यायला आमच्याच कचेरीचे नवे साहेब लागले, जे मला जाडा असताना ओळखतच नव्हते. शेवटी जुन्या साहेबांना घरून बोलावून आणलं. त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "केक घेतला होतास तू, तोच ना?"

नवं ओळखपत्र आलं. समितीने तारीख दिली, सही झाली, शस्त्रक्रियेचा वार ठरला.

त्याच आठवड्यात दादाला थंडी वाजून ताप आला. ज्या नळीतून रक्त धुवत होते तिच्यातून जंतू शिरले, असं डॉक्टर म्हणाले. असं होतं, म्हणाले. ताप उतरला की लगेच घेऊ, असंही म्हणाले. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. तिसऱ्या दिवशी तो बोलायचा थांबला. त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं होतं, माझ्या मनगटाभोवती आपली बोटं गुंडाळली होती आणि अंगठ्याला मधलं बोट टेकतंय का ते बघितलं होतं. टेकत होतं.

"बघ," तो म्हणाला, "वर्तुळ पूर्ण झालं."

पाचव्या दिवशी तो गेला. भर दुपारी. बाहेर खिडक्या पुसणारे दोरीवर लटकून काचा पुसत होते.

भेटायला लोक आले. दादाचे जुने सहकारी, विद्यार्थी, आमच्या इमारतीतले सगळे. मी दाराशी उभा होतो. माणसं येत, माझा हात हातात घेत, "फार वाईट झालं" म्हणत आणि मग त्यांची नजर वरून खाली फिरे. बँकवाले म्हणाले, "पण तब्येत मात्र झकास केलीत हं." एक बाई, ज्यांना मी ओळखतही नव्हतो, डोळे पुसता पुसता म्हणाल्या, "काय केलंत नेमकं? आमच्या यांचं काही केल्या उतरत नाही." मी त्यांना सांगितलं. काकडी, शेंगा, एक अंडं, चालणं. त्या नीट ऐकत होत्या. काय सांगणार दुसरं? दोन्ही मूत्रपिंडं माझ्यापाशी होती, उत्तम अवस्थेत.

मला वाटलं होतं, वजन परत येईल. ते यायचंच, सगळे सांगत होते. ही आता ताटात भरपूर वाढायची, लोणीसुद्धा. मी खायचो. पण काटा ब्याऐंशीच्या वर सरकेना. जे घालवायला जीव काढला ते बोलावूनही येईना.

महिन्याभराने वहिनीने बोलावलं. दादाचं कपाट उघडून बसली होती. पलंगावर शर्टांच्या घड्या. "तुला होतील का बघ," ती म्हणाली. "कुणाला देऊ उगीच."

धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे मिळतात, ही जगाची रीत. आमच्याकडे उलटं होतं. मी जन्माचा आडवा, त्यामुळे माझे कपडे मला घट्ट होऊ लागले की आई ते आखडून दादाला घालायची. तो भर वर्गात धाकट्या भावाचा शर्ट घालून बसायचा. त्याचा म्हणून एकही कपडा मला कधी चढला नव्हता.

मी निळ्या रेघांचा एक शर्ट घातला. वहिनी समोर उभी राहून बघत होती. गळ्याचं बटण लागलं. छातीचं लागलं. पोटाशी आलो तेव्हा दोघंही जरा थांबलो. तेही लागलं.

"आला की बरोबर," वहिनी म्हणाली. तिने खांद्यावरची एक सुरकुती हाताने सारखी केली, आणि काहीतरी आठवल्यासारखी आत गेली. स्वयंपाकघरातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ तसाच वाहत राहिला.

मी पोट आत ओढलेलं नव्हतं, हे मला तिला सांगायचं होतं.